माडीवरील बाईचा शेवट

६ ऑक्टोबर

कादंबरी आज चौदाव्यांदा परत आली. पाकिटाच्या जाडीवरूनच निकाल कळला होता, तरीही चहा संपेपर्यंत ते मी फोडले नाही. अशा गोष्टींपुढे घाई करणे मला शोभत नाही. आत संपादिकेचे चार ओळींचे पत्र. "अभ्यास अफाट आहे. तो काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. नायिका तेवढी उभी राहत नाही. ती जिवंत झाली, तर हस्तलिखित पुन्हा वाचायला आम्हाला आवडेल."

जिवंत झाली तर! अकरा वर्षे मी या पुस्तकावर घालवली आहेत. दिव्याच्या वातीची जाडी, खोगिराला लागणारे कातडे, पहारा बदलण्याच्या वेळा: पुराव्यावाचून एक शब्द लिहिलेला नाही. आणि नायिका तर कल्पनेतली नाहीच. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गढीतल्या पहाऱ्याच्या वहीत तिची नोंद आहे: "माडीवरील बाई: आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा "आहे." अशी नऊ वर्षे, रोज, एकही खाडा नाही. तिला तिथे कोणी ठेवले, का ठेवले, याबद्दल अवाक्षर नाही. एका समासात फक्त एवढेच, की स्वार मोहिमेवरून अद्याप परतला नाही. दहाव्या वर्षाची पाने वाळवीने खाल्ली. त्या एका समासातून मी सहाशे पानांची प्रेमकथा उभी केली, आणि माझ्या शेवटच्या तुकडीतल्या विद्यार्थिनींच्या वयाची ही मुलगी मला सांगते की बाई उभी राहत नाही.

८ ऑक्टोबर

धाकटी बहीण येऊन आज आठवडा झाला. शिवणकामाचे दुकान बंद करून, यंत्रे विकून ती मोकळी झाली आहे. जानेवारीत सूनबाईंचे दिवस भरतील तेव्हा मुलाकडे जाईल, ती कायमची. तोवर माझ्याकडे. दिवसभर बोलते, गुणगुणते आणि होणाऱ्या नातवंडासाठी पिवळ्या लोकरीचे काहीतरी विणते. वीण सैल आहे. मी तसे सांगितले.

आज मी नको म्हणत असताना तिने हस्तलिखिताची पहिली तीस पाने वाचली.

"ताई, रागावणार नसशील तर सांगू?"

"मी कधी रागावते?"

ती इतकी हसली की टाके सुटले. मग म्हणाली, "तुझी बाई पहिल्या पानापासून तोंडी परीक्षेला बसल्यासारखी बोलते गं. तिला कंटाळा येत नाही, पाठ दुखत नाही, नाकाला खाज सुटत नाही. नऊ वर्षं एका खोलीत! मी तर भिंतींना नावं ठेवून त्यांच्याशी भांडले असते."

टाचण्या तोंडात धरून आयुष्य काढलेल्या माणसाकडून मी साहित्यविचाराची अपेक्षा करीत नाही. परंतु तिच्या बडबडीत एक पद्धतशीर सूचना दडलेली आहे. ती तिला कळली नाही, एवढेच. दिव्याची वात मी स्वतः जाळून, वेळ मोजून पाहिली होती. वाट पाहणारे शरीर मात्र कधी तपासले नाही. आणि प्रयोगाला लागणारे शरीर सध्या घरातच आहे.

११ ऑक्टोबर

पहिला प्रयोग. दुपारी दोन ते चार, वरची खोली. एक खिडकी, एक खुर्ची. बाकीचे सामान मी काढून टाकले. घड्याळ नाही, विणकाम नाही, गुणगुणणे नाही. ती माडीवरील बाई होऊन बसणार, मी दाराशी वही घेऊन. मी विचारीन त्याचे उत्तर तिने त्याच भूमिकेतून द्यायचे.

"आणि चहा?"

"त्या बाईला चहा मिळत नव्हता."

"मग स्वार कशाला येतोय परत! शहाणा होता म्हणायचा."

तरीही हाती काही लागले. वाट पाहणारी बाई रस्त्याकडे पाहत नाही. पहिली वीस मिनिटे पाहते. नंतर स्वतःच्या हातांकडे पाहू लागते. हे कोणत्याही दफ्तरात मिळाले नसते. पाचवे प्रकरण फाडले आणि नव्याने लिहिले.

२९ ऑक्टोबर

प्रयोग रोज चालू आहेत. आज पाऊण तास ती हलली नाही, मग मी काही न विचारता म्हणाली, "पहारा बदलला. लंगडा आलाय. तो बरा आहे, तो मान खाली घालतो."

मनाचे काही जोडायचे नाही, असे मी तिला बजावले. ती दचकली. "मी बोलले? मला वाटलं, तू विचारलंस."

खाली येऊन टाचणे काढली. सातव्या वर्षीच्या एका नोंदीत पहारेकऱ्याचा उल्लेख "पायाने अधू" असा आहे. हा तपशील मी कादंबरीत वापरलेला नाही, कारण त्याची गरज नव्हती. टाचणांचे कपाट मी बंद ठेवते आणि किल्ली माझ्याकडे असते. तिने ती केव्हातरी घेतली असणार. चोरून का होईना, वाचन करते आहे, हेही नसे थोडके.

९ नोव्हेंबर

काल तिला कागद आणि बॉलपेन दिले. बाईने स्वाराला पत्र लिहिले असते तर ते कसे, हे पाहायचे होते. तिने दोन तास लिहिले. पाहते तो सगळे जुन्या वळणाच्या लिपीत, जी मी तीन वर्षे घासून शिकले आणि जिची तिने आयुष्यात एकच थट्टा केली आहे, की मुंग्या शाईत पडून चालल्यासारखी दिसते. मला संताप आला. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी लपूनछपून लिपी शिकायची, ती केवळ मला खिजवायला?

आज तो कागद घेऊन अभिलेखागारात गेले. तिथला अभिलेखपाल माझा जुना परिचित. उगाच विनोद करण्याची त्याला खोड आहे. भिंग लावून तो बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम, इथून कागद बाहेर न्यायला बंदी आहे, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

"हा तुमच्याकडचा नाही."

"काहीतरीच काय! हे अक्षर मी रोज पाहतो. पहाऱ्याच्या वहीत ती समासातली ओळ आहे ना, स्वाराची? तोच हात आहे हा. पहारेकऱ्याचं अक्षर वेगळं, हे वेगळं. मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं."

मी कागद उलटा केला. मागे यंदाच्या कॅलेंडरचा जून महिना छापलेला होता. अभिलेखपालाने भिंग खाली ठेवले आणि त्या दिवसापुरते विनोद करणे थांबवले.

धाकटीची अनुकरणशक्ती असामान्य आहे, हे मान्य करायला हवे. लहानपणी ती माझी सही हुबेहूब करीत असे. पत्राचा मजकूर, भाषा आणि भाव, तिन्ही दृष्टींनी निर्दोष आहे. सातव्या प्रकरणात जसाच्या तसा घेतला.

२४ नोव्हेंबर

संपादिकेला नवी पन्नास पाने पाठवली होती. आज तिचा फोन आला. "मॅडम, मी बसस्टॉपवर वाचत उभी होते आणि तीन बस सोडल्या. ही बाई आली कुठून?"

"अभ्यासातून," मी म्हणाले.

"शेवटासकट सगळं डिसेंबरअखेर द्या. मार्चला पुस्तक काढू."

अकरा वर्षे या वाक्याची वाट पाहिली, आणि आले तेव्हा मी फक्त "बरे" म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र काही वेळ खुर्चीवर बसून राहावे लागले. ही बातमी पहिल्यांदा धाकटीला सांगावी म्हणून गेले. ती भिंतीवरचे विजेचे बटण न्याहाळीत होती. तिने ते दोनदा दाबले, दोन्ही वेळा दिव्याकडे पाहिले आणि हात पदरामागे लपवला.

संध्याकाळी भाच्याचा फोन.

"मावशी, आई बरी आहे ना?"

"उत्तम. का रे?"

"नाही... मला 'आपण' म्हणाली. 'आपण जेवलात का' असं. मला वाटलं गंमत करतेय. मी हसलो तर गप्पच झाली."

"माझ्या घरात राहून तिची भाषा सुधारली असेल."

तो हसला, पण मनापासून नाही.

१२ डिसेंबर

आज ती स्वतःहून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पिवळे विणकाम हातात होते. महिनाभरात ते बोटभरही वाढलेले नाही.

"ताई, आता पुरे कर ना."

"काय पुरे करू?"

"वर गेले की मला खाली यायचं सापडत नाही. काल जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. आपल्या सतरा आहेत ना? तेवीस झाल्या. आणि खाली हे घर नव्हतं गं, ताई. मी परत वर गेले, तू हाक मारलीस, मग आले."

गढीच्या माडीला तेवीस पायऱ्या होत्या, हे खरे आहे. मी तिला पाणी दिले आणि समजावले, की एका भूमिकेत इतके दिवस राहिल्यावर थोडा भ्रम होणारच, अभिनेत्यांनाही होतो. मग वस्तुस्थिती सांगितली: फक्त शेवट उरला आहे. बाईचे पुढे काय झाले, हे वाळवीने खाल्ले. ते कळल्याशिवाय पुस्तक पुरे होत नाही, आणि ते मला दुसरीकडे कुठे कळणार?

"किती दिवस?"

"आठ. फार तर दहा."

"आणि मग मला जाऊ देशील? सूनबाईंपाशी मला वेळेवर पोचायचंय."

"मी तुला अडवून ठेवले आहे का?"

ती विणकाम टेबलावर ठेवून जिना चढली. लहानपणापासून तिने माझा शब्द कधी मोडला नाही. हा तिचा मोठा गुण आहे.

२० डिसेंबर

आता ती भूमिकेतच असते, आणि त्यामुळे कामाला गती आली आहे. आजची प्रश्नोत्तरे महत्त्वाची.

स्वार परतला का?

"अजून नाही."

तुला या माडीवर त्याच्यासाठी ठेवले आहे का?

"नाही. त्याची वाट मी पाहते. ठेवलं दुसऱ्याच कोणी."

कोणी?

"रोज दुपारी एक बाई येते. दाराशी बसते. डोळ्यांवर काच आहे तिच्या. ती विचारते आणि लिहून घेते. तिचं लिहून होईतो मला जाता यायचं नाही."

मी चष्मा पुसून हा मजकूर पुन्हा वाचला आणि खोडला. त्या काळी एखाद्या आडगावच्या गढीत चष्मा येणे दुरापास्त, तोही बाईमाणसाच्या डोळ्यांवर. शिवाय दाराशी बसून लिहिणारी स्त्री पहाऱ्याच्या वहीत कुठेही नाही. धाकटीचा कालविपर्यासाचा हा पहिलाच दोष. तिथे लंगडा पहारेकरी घातला.

३१ डिसेंबर

शेवट मिळाला. तीन दिवस ती एकच उत्तर देत होती, "अजून नाही." आज मी वेगळ्या पद्धतीने विचारले. मी म्हणाले, आज या वहीचे शेवटचे पान आहे. यापुढे कोणी लिहिणार नाही. सांग, तो आला का?

तिने बराच वेळ हातांकडे पाहिले. मग म्हणाली, "लिही, आला नाही."

तेच शेवटचे वाक्य. "तो आला नाही." तीन शब्द, सहाशे पानांचे ओझे त्यांवर उभे राहिले. हस्तलिखित बांधून स्वतः टपालात टाकून आले.

परतल्यावर वर जाऊन सांगितले, "झाले. आता खाली चल." ती निमूटपणे आली आणि मी दाखवलेल्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसली. जेवणाच्या ताटाकडे तिने आज्ञेची वाट पाहावी तसे पाहिले. दोन-चार दिवसांत पूर्ववत होईल.

१८ जानेवारी

भाच्याला मुलगी झाली. दोघी सुखरूप. धाकटीला सांगितले तर म्हणाली, "कोणाच्या घरी?"

भाचा न्यायला येतो म्हणत होता. आईला सर्दी-ताप आहे, बाळाला बाधेल, असे मी सांगितले. खोटे बोलणे मला आवडत नाही. परंतु मुद्रिते याच आठवड्यात येणार आहेत, त्यांत शंका निघतील, आणि या काळाबद्दल विचारायला तिच्याइतके खात्रीचे साधन आता माझ्याकडे दुसरे नाही.

"तिला फोन दे ना, मावशी. नुसता आवाज ऐकतो."

"झोपली आहे," मी म्हणाले. ती समोर बसून माझ्याकडे पाहत होती.

९ फेब्रुवारी

मुद्रितांत एकूण नऊ चुका सापडल्या. सहा अक्षरजुळणीच्या, तीन माझ्या. माझ्या तिन्ही तिने दाखवल्या. दोनचे ठोके पडण्याआधीच ती आता वर जाऊन बसते. मी न बोलावता. चार वाजता हाक मारली तरी उठत नाही, म्हणून ताट वर न्यावे लागते.

पहिल्या पानावर अर्पणपत्रिका हवी का, असे संपादिकेने विचारले. मी लिहिले, "धाकटीस." ते तिला वाचून दाखवले. तिने विचारले, "ती कुठं असते?"

घर फार शांत झाले आहे. पूर्वी तिच्या गुणगुणण्याने माझे लक्ष विचलित होत असे. आता ते नसल्याने होते. मनाच्या या खोडीला काय म्हणावे!

२ मार्च

प्रती आल्या. बांधणी चोख, अक्षर ठसठशीत, पानांचा पोत उत्तम. संपादिकेने फोनवर सांगितले, की छापखान्यातल्या लोकांनी शेवटच्या पानांचा फर्मा वाचण्यासाठी यंत्र थांबवले होते. मी प्रत हातात धरून बराच वेळ उभी होते. वास्तविक मला आनंद व्हायला हवा, आणि तो झालाही. फक्त तो सांगायला म्हणून मी जिना चढले आणि अर्ध्यावरून परत आले.

५ मार्च

जे घडले ते क्रमाने लिहिते.

दुपारी तीनच्या सुमारास भाचा न कळवता आला. स्टेशनपाशी राहणाऱ्या मित्राची मोटारसायकल घेऊन आला होता; अंगावर धुळीने भरलेले जाकीट, काखेत हेल्मेट. मला नमस्कारही न करता म्हणाला, "आई कुठाय?"

"वर आहे. पण आधी तू बस, पाणी घे."

"मावशी, सात आठवडे झाले. पोरीला आजीचा आवाज माहीत नाही. कसला ताप आहे तिला?"

मी काही उत्तर देण्यापूर्वीच जिन्यावर पाऊल वाजले. ती उतरत होती. गेल्या दोन महिन्यांत मी तिला इतक्या भरभर चालताना पाहिलेले नाही. शेवटच्या पायरीवर ती थांबली. त्याच्या जाकिटावरच्या धुळीला तिने बोट लावले, आणि त्या बोटाकडे पाहून तिचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे पाहावे लागले.

"किती वर्षं लावलीत," ती म्हणाली.

"अगं आई, पाच महिने तर झाले." तो हसू लागला आणि हसता हसता रडू लागला. "किती वाळलीस गं! चल. आत्ताच्या आत्ता चल."

"सामान बांधायला हवे," मी म्हणाले. कोणी ऐकले नाही. दारातून बाहेर पडताना ती माझ्यापाशी थांबली, आणि परक्या, वरिष्ठ माणसाशी बोलावे तसे अदबीने म्हणाली, "आता लिहून झालं ना?" मी मान हलवली. तिने डोळे मिटून सुटल्यासारखा श्वास सोडला. फाटकातून मी पाहत होते. आपली धाकटी दुचाकीवर बसायला घाबरते. रस्ता वळेपर्यंत सतरा सूचना देते. ही त्याच्या मागे बसली ती जन्मभर घोड्यावर बसल्यासारखी, आणि एकदाही मागे वळली नाही.

दार लावून मी टेबलाशी आले. प्रथम जे मनात आले ते प्रामाणिकपणे नोंदवते: पुस्तकाचे शेवटचे वाक्य चुकले आहे. तो आला. छापलेल्या सर्व प्रतींत चूक आहे. मी तत्काळ संपादिकेसाठी शुद्धिपत्राचा मसुदा करायला घेतला. "पृष्ठ ६१२, शेवटची ओळ: 'तो आला नाही' याऐवजी..." इथपर्यंत लिहिले होते.

चार वाजून वीस मिनिटांनी वरून हाक आली. "ताई."

धाकटीचा आवाज. तिचाच, ओठांत टाचण्या धरून बोलावे तसा थोडा घुसमटलेला. गेले दोन महिने जी बाई माझ्याशी बोलत होती तिचा आवाज असा नव्हता, हे मला त्या क्षणी कळले. तोवर फरक आहे हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

वर गेले. खोलीत खिडकी आणि खुर्ची. खुर्चीवर कोणी नाही. हे मी तिथेच, दाराशी माझ्या नेहमीच्या जागी बसून लिहीत आहे, म्हणजे एक शब्दही चुकायला नको.

"ताई, आलीस का? किती हाका मारल्या मी तुला."

"आले," मी म्हणाले.

"सूनबाईंचं काय झालं गं? दिवस भरले असतील ना आता?"

"मुलगी झाली. जानेवारीत."

मग रडण्याचा आवाज. ती नाक ओढत रडते, तसाच. "मग मला जायला हवं, ताई. पोर महिन्याभराची झाली असेल. दार उघड ना."

मी दाराकडे पाहिले. ते भिंतीला टेकलेले होते, मी टेकवले तसे.

"दार उघडेच आहे," मी म्हणाले.

"तुझ्या बाजूनं असेल."